मोटारीतील ‘एसी’ वापरा. पण इंधन राखून!

अकोट : वऱ्हाडचा उन्हाळा कसोटी पाहणारा. अकोल्यात २६ मे २०२० रोजी पारा ४७.४ अंश सेल्सिअसवर गेला होता. अशा उन्हात अकोट-अकोला प्रवास करताना मोटारीतील वातानुकूलन ही चैन राहिलेली नाही. मात्र, सामान्यतः त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच शक्तीवर चालत असल्याने इंधन अधिक लागते.

उन्हात उभ्या मोटारीतील हवा बाहेरच्या हवेहून अधिक तापते. त्यामुळे प्रथम काचा उघडून मोटार दोन मिनिटे चालवावी. गरम हवा निघून गेली, की काचा लावून ‘एसी’ सुरू करावा आणि आतलीच हवा फिरविणारे ‘रिसर्क्युलेशन’चे बटण दाबावे. थंड झालेलीच हवा पुन्हा थंड करायची असल्याने कॉम्प्रेसरवरील भार हलका होतो. तापमान ठरविण्याची सोय असल्यास ते २४ ते २६ अंशांवर ठेवावे. लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी. कोंडलेल्या हवेने चालकाला सुस्ती येते.

इंधन वाचविण्यासाठी इंजिन बंद करून मुलांना मात्र मोटारीत बसवून ठेवू नये. काही मिनिटांतच आतील उष्मा जिवावर बेतू शकतो.