झाडाची सावली आणि घराची किंमत

पुण्यात बागांची नावे पुष्कळ. तुळशीबाग, बेलबाग, हिराबाग, मोतीबाग, रमणबाग. पण बाग बघायला म्हणून गेलात तर फसाल. तुळशीबागेत रामाचे देऊळ आहे आणि भोवती भांड्यांची, बांगड्यांची दुकाने. रमणबागेत शाळा भरते. नाव राहिले, झाडे गेली. शहरात जमिनीला भाव आला की पहिली कुऱ्हाड झाडावर पडते. माणूस म्हणतो, "झाडानं अडवलेली जागा म्हणजे वाया गेलेली जागा."

हे खरे आहे का? जरा हिशेब करून बघू.

आपल्या घरातला माठ डोळ्यांपुढे आणा. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, ते वाऱ्याने सुकते आणि सुकताना माठातली उष्णता घेऊन जाते. म्हणून पाणी गार होते. झाड म्हणजे असाच मोठा माठ समजा. मुळांनी ओढलेले पाणी पानांतून वाफ होऊन जाते आणि भोवतालची हवा थंड होते. वर सावली असतेच. उलट डांबरी रस्ता आणि सिमेंटचा स्लॅब म्हणजे तापलेला तवा. दिवसभर ऊन पितात आणि रात्री ती धग घरात सोडतात. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या खोलीत झोपलेल्याला हे वेगळे सांगायला नको!

ही गारवा देणारी वस्तू शहरात दुर्मिळ आहे. आणि दुर्मिळ वस्तूला पैसे पडतात. पुण्याच्या प्रभात रोडला किंवा कोरेगाव पार्कात वडांच्या ओळीखाली घर मागून बघा, भाव ऐकूनच माणूस मागे फिरतो. पण थांबा. तिथे रस्ते चांगले आहेत, जुने प्लॉट मोठे आहेत, वस्ती पैसेवाल्यांची आहे. तेव्हा सगळे श्रेय झाडाला देऊ नये. रस्ता नाही, नळ नाही, कागद स्वच्छ नाहीत, अशा घराला नुसत्या पिंपळाने भाव येत नाही. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे. टेकडी अगदी उशाशी. म्हणून तिथल्या खोल्यांना कोणी बंगल्याचा भाव देतो काय?

मग झाडाचा वाटा वेगळा कसा काढायचा? अमेरिकेत पोर्टलंड नावाचे शहर आहे. तिथे विकल्या गेलेल्या घरांची अभ्यासकांनी तुलना केली. घर किती मोठे, किती जुने, कोणत्या भागात, हे सगळे हिशेबात धरले आणि रस्त्यालगतच्या झाडाने किती फरक पडतो ते काढले. हा अभ्यास २०१० साली छापला गेला. झाडांमुळे घराला सरासरी सुमारे ८,८७० डॉलर जास्त मिळाले, असे त्यात दिसले. आणि गंमत अशी की, ज्याच्या दारात झाड त्याच्यापेक्षा आजूबाजूच्या घरांना मिळून जास्त फायदा झाला. म्हणजे आंबा लावावा आपण आणि सावली पडावी शेजाऱ्याच्या ओट्यावर, तसेच हे.

इथेच खरी गोम आहे. हिरवळ राखतो एक आणि पैसा होतो दुसऱ्याचा. न्यूयॉर्क शहरात सेंट्रल पार्क नावाची प्रचंड बाग आहे. ती होण्याआधी तिथे सेनेका नावाची काळ्या लोकांची वस्ती होती. काहींची तर स्वतःच्या मालकीची घरे होती. १८५७ साली ती वस्ती उठवली. पुढे बाग झाली आणि बागेभोवतीच्या जमिनींचे भाव चढत गेले. पण उठून गेलेल्यांना त्या चढत्या भावाचा काय उपयोग?

आपल्याकडचे बघा. १९९७ साली आसपासची गावे पुणे महापालिकेत आली. त्यांतल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांची सुमारे ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवली. सरकारने २०१५ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. टेकडी राहिली पाहिजे, यात मला शंका नाही. पावसाचे पाणी तिथेच मुरते आणि शहराला वाराही तिथूनच येतो. पण पायथ्याचा बिल्डर "खिडकीतून टेकडी दिसते" म्हणून फ्लॅट चढ्या भावाने विकतो आणि टेकडीचा मालक शेतकरी मोबदल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. हा न्याय मला पटत नाही.

आता कामाच्या चार गोष्टी. तुमचे गाव शहराच्या हद्दीत आले असेल, तर प्लॉट "मोकळा दिसावा" म्हणून झाडे तोडू नका. शहरी भागासाठी १९७५ पासून झाडे राखण्याचा कायदा आहे. झाड स्वतःच्या जागेत असले तरी तोडायला परवानगी लागते. २०२१ साली तो कायदा आणखी कडक झाला. पन्नास वर्षांच्या वरच्या झाडाला वारसा वृक्ष मानतात.

विकताना सरकारी दरपत्रकावर, म्हणजे रेडी रेकनरवर, विसंबू नका. त्यात विभागाचा दर असतो, तुमच्या बांधावरची चिंच नसते. ती तुम्हीच गिऱ्हाइकाला दाखवायची आणि भावात धरायची. मात्र पोकळ, कलंडलेले झाड वेळीच दाखवून छाटून घ्या. पावसाळ्यात फांदी कौलावर पडली की किंमत वाढायची राहते बाजूला.

जमीन सरकार रस्त्यासाठी किंवा दुसऱ्या कामासाठी घेत असेल, तर गोष्ट निराळी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात झाडांची किंमत वेगळी ठरवायची तरतूद आहे. म्हणून मोजणीच्या दिवशी घरातल्या जाणत्या माणसाने शेतावर हजर राहावे. साताबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का, ते आधी वाचून घ्यावे. झाडे किती, कोणती, आंबा कलमी की रायवळ, वय काय, फळ धरते का, हे तिथल्या तिथे सांगून पंचनाम्यात लिहवून घ्यावे आणि मग सही करावी.