अंगणातील महाकाय सूर्यफूल

बदलीच्या नोकरीत बागेचा छंद जोपासणाऱ्याची एक अडचण असते. आंबा आपण लावावा आणि फळे पुढच्या अधिकाऱ्याने चाखावीत! सूर्यफूल मात्र तीन-साडेतीन महिन्यांत आपला सारा हिशेब चुकता करते. म्हणूनच भोपाळच्या निवासस्थानाच्या अंगणात मी त्याची निवड केली.

पहिल्या वर्षी फजिती झाली. लहान कुंड्यांत तयार केलेली रोपे तीन आठवड्यांनी जमिनीत लावली. झाडे जेमतेम कमरेएवढी आणि फुले तळहाताएवढीच झाली. कारण नंतर उमगले. सूर्यफुलाचे सोटमूळ सरळ खोल जाऊ पाहते. ते कुंडीच्या तळाशी अडले की रोप वाढ आवरती घेऊन लवकर फुलावर येते. शिवाय मोठ्या फुलात किती पुष्पके असावीत, हे कळी नीट दिसण्यापूर्वीच, साधारणतः पहिल्या महिना-सव्वा महिन्यात ठरून जाते. त्या काळातील उपासमार पुढे कितीही खत-पाणी दिले तरी भरून निघत नाही.

पुढील वर्षी फेब्रुवारीच्या आरंभी, दिवसभर ऊन लाभणाऱ्या जागी दीड फूट खोल माती भुसभुशीत करून तीत कुजलेले शेणखत मिसळले. एकच फूल देणारी उंच जात घेतली. फांद्या फुटणाऱ्या जातीत झाडाची शक्ती वाटली जाते. बी जागेवरच इंचभर खोल, दोन-दोन फुटांवर, प्रत्येक ठिकाणी तीन टोचले. पुढे जोमदार रोप तेवढे राखून उरलेली कात्रीने कापली. उपटल्यास शेजारच्या मुळाला धक्का बसतो. (हे काम मन घट्ट करूनच करावे लागते.) युरियाचा मोह टाळावा. नत्र अधिक झाल्यास खोड लुसलुशीत राहून वाऱ्याने आडवे होते. बांबूचा आधार आरंभीच द्यावा, पाणी थोडे-थोडे शिंपडण्याऐवजी मुळांपर्यंत मुरेल असे द्यावे.

जर्मनीतील हान्स-पीटर शिफर यांच्या सूर्यफुलाने २०१४ मध्ये ९.१७ मीटर उंची गाठून त्या वेळचा जागतिक विक्रम नोंदविला होता. माझे झाड नऊ फुटांवर थांबले. शेजाऱ्यांना तेवढेही पुष्कळ वाटले!

हे फूल दिवसभर सूर्यामागे फिरते, हा समज अर्धाच खरा आहे. फिरतो तो वाढत्या रोपाचा शेंडा. दिवसा खोडाची पूर्वेकडील बाजू अधिक वाढते, रात्री पश्चिमेकडील. वाढ पूर्ण झाली की फूल पूर्वेकडे तोंड करून स्थिरावते. सकाळच्या उन्हात ते लवकर तापते आणि मधमाश्या अधिक येतात, असे कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखविले. मधमाश्या कमी असल्यास सकाळी फुलावरून मलमलीचे कापड हलक्या हाताने फिरवावे, म्हणजे दाणे भरतात. आपल्याकडील शेतकरीही असे करतात. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये.

फुलाची मागची बाजू पिवळी पडू लागली की पोपट हजर होतात. तत्पूर्वीच त्यावर जाळीदार कापड बांधावे. मी दोन दिवस उशीर केला आणि निम्मे दाणे त्यांनी नेले.