दोन हजार किलोमीटर आणि दहावा दिवस

कोलकात्यात हुगळीच्या काठावर वसलेला गार्डन रीच हा भाग दोन मोठ्या संस्थांमुळे ओळखला जातो. नौदलासाठी युद्धनौका बांधणारी ‘गार्डन रीच शिपबिल्डर्स अँड इंजिनिअर्स’ ही सरकारी कंपनी येथे आहे आणि दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालयही येथेच आहे. घरी कोणाचा मृत्यू झाल्यावर नौसैनिकाला तातडीची रजा कशी मिळते, हे समजून घेण्यासाठी याहून योग्य जागा शोधून सापडणार नाही. कारण जहाज त्याला केव्हा सोडते आणि गाडी त्याला घरी केव्हा पोहोचवते, हेच त्या रजेतले दोन खरे प्रश्न असतात.

नवी युद्धनौका नौदलात दाखल होण्याच्या कितीतरी आधी तिच्यावर नेमलेले नौसैनिक गोदीत येऊन तिची यंत्रे समजून घेऊ लागतात. २०१४ ची ‘कामोर्ता’, २०२० ची ‘कवरत्ती’ आणि २०२५ ची ‘हिमगिरी’ या येथेच बांधलेल्या नौका होत. जहाज धक्क्याला असेपर्यंत एखाद्याला घरी पाठवणे तुलनेने सोपे असते, परंतु ते चाचण्यांसाठी निघाले की परिस्थिती पालटते. गार्डन रीचपासून खुला समुद्र दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि हुगळीचे पात्र गाळाचे असल्यामुळे मोठ्या जहाजाला भरतीची वेळ साधून, नदीची वाट जाणणाऱ्या पायलटच्या मार्गदर्शनाखालीच जावे लागते. त्यामुळे एका माणसासाठी मागे वळणे जवळजवळ अशक्य असते. पुढे मोबाइलची रेंज जाते, निरोप नौदलाच्या स्वतःच्या संदेशयंत्रणेतूनच पोहोचतो, आणि जहाजावर हेलिकॉप्टर असून किनारा टप्प्यात असला तरच बंदर येण्याआधी उतरता येते.

सैन्यदलांत रजा हा हक्क मानला जात नाही; सेवेची गरज पाहून अधिकारी ती मंजूर करतो. भूदलातील जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक, म्हणजे अचानक उद्भवलेल्या कारणासाठीची रजा असते, तर २०२२ च्या योजनेतून भरती झालेल्या अग्निवीराला वर्षाला एकूण ३० दिवसच मिळतात. दुखवट्याचे दिवसही सामान्यतः याच शिलकीतून जातात, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच रजा संपवून बसलेल्या अग्निवीराची अडचण मोठी होते. जहाजावर प्रत्येक नौसैनिकाची काळजी वाहण्याची जबाबदारी एका ठरावीक अधिकाऱ्यावर असते. त्याला डिव्हिजनल ऑफिसर म्हणतात, आणि रजेची मागणी त्याच्यामार्फतच वर जाते. हा अधिकारी माणूस ओळखणारा असेल तर कागद तासाभरात हलतो.

बातमी खरी आहे याची खात्री कशी करायची, हा प्रश्न जुनाच आहे. पूर्वी घरून आलेली तार रजेसाठी पुरावा म्हणून चाले. जुलै २०१३ मध्ये देशातील तारसेवा बंद झाली आणि तिची जागा फोनने घेतली, पण फोनवरचा रडवेला आवाज हा कार्यालयीन पुरावा ठरत नाही. अमेरिकेत अशी बातमी रेडक्रॉस ही संस्था रुग्णालयाकडून किंवा अंत्यसंस्कार करणाऱ्यांकडून पडताळते आणि सैनिकाच्या वरिष्ठांना कळवते. महाराष्ट्रात सैनिकाच्या कुटुंबाला जवळचा आधार म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय; त्याखेरीज सरपंच, पोलीस पाटील किंवा उपचार करणारे डॉक्टर यांचे सही-शिक्क्याचे पत्र मोबाइलवरून पाठवता येते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, त्यामुळे दाखला नंतर देता येतो. पहिल्या दिवशी त्याच्यासाठी अडून राहू नये.

आता प्रवासाचा विचार करावा. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेली गीतांजली एक्सप्रेस हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला १,९६८ किलोमीटर जाते आणि तिला तीस तासांच्या आसपास लागतात. कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या गावाला पोहोचायला त्यापुढे आणखी अर्धा दिवस जातो. नौसैनिकाच्या हाती रेल्वे वॉरंट, म्हणजे सरकारी खर्चाने प्रवास करण्याचा छापील परवाना, असेल तर तो खिडकीवर देऊन तिकीट घ्यावे लागते. पण वॉरंट हाती आले म्हणजे बर्थ मिळाला असे होत नाही. २०१९ मध्ये पुलवामा हल्ल्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने निमलष्करी दलांच्या शिपाई ते सहायक उपनिरीक्षक श्रेणीतील जवानांना दिल्ली–श्रीनगर आणि जम्मू–श्रीनगर मार्गांवर, रजेच्या प्रवासासहित, विमानाची मुभा दिली. आई, वडील, पत्नी किंवा मूल गेल्यावर ती दूरच्या नेमणुकीवरील प्रत्येक जवानाला मार्गाची अट न घालता मिळायला हवी.

मराठी हिंदू घरात अंत्यसंस्कार बहुधा काही तासांत उरकले जातात आणि मुसलमान कुटुंबात दफनही शक्य तितक्या लवकर होते; म्हणून रेल्वेने येणारा मुलगा अंत्यदर्शनाला जवळजवळ कधीच पोहोचत नाही. त्याची रजा प्रत्यक्षात दहाव्या-तेराव्या दिवसाच्या विधींसाठी आणि त्याहीपेक्षा एकट्या पडलेल्या आईजवळ किंवा वडिलांजवळ बसण्यासाठी असते. देह शवागारात ठेवून वाट पाहायची की नाही, हे घरच्यांनी पहिल्याच फोनमध्ये स्पष्ट सांगितले तर अधिकाऱ्यालाही विमान की रेल्वे, किती दिवस, हे ठरवता येते. ‘लवकर ये’ एवढाच निरोप मात्र सगळ्यांनाच अंधारात ठेवतो. दिवस कमी पडत असतील तर रजा संपण्याआधीच मुदतवाढ मागून मंजुरी घ्यावी, कारण भूदलाच्या १९५० च्या कायद्यातील कलम ३९ नुसार पुरेशा कारणाविना रजेहून उशिरा परतणे हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे.

ज्यांच्या घरातले कोणी सैन्यदलात आहे, त्यांनी त्याचा सर्व्हिस नंबर, हुद्दा, जहाजाचे किंवा युनिटचे नाव, तिथल्या कार्यालयाचा फोन आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फोन हे सर्व एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सहज सापडेल अशा जागी आजच लावून ठेवावे.