जुनी गाडी, नवा धंदा: टायमिंग बेल्ट घरी बदलायचा का?



धंद्याच्या सुरुवातीला मी एक जुनी व्हॅन घेतली होती. रंग चांगला, टायर चांगले, इंजिन सुरू केलं की आवाजही गोड. नारायणगावच्या बाजारातून कोथिंबीर-मेथी उचलायची आणि उजाडायच्या आत पुण्यातल्या गिऱ्हाइकांना पोचवायची, असा धंदा होता. एके पहाटे राजगुरुनगरच्या अलीकडे गाडी चालता चालता गप्प झाली. धक्का नाही, धूर नाही. स्टार्टर मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं फिरत होतं, पण पकडत नव्हतं. टायमिंग बेल्ट तुटला होता. मीटरवर १ लाखाच्या वर किलोमीटर, आणि बेल्ट कधी बदलला हे घेताना मी विचारलंच नव्हतं. चूक माझीच. दुरुस्तीचे पैसे निघाले हो, पण त्या दिवशी माल मिळाला नाही म्हणून दोन गिऱ्हाइकं गेली ती परत आली नाहीत.

म्हणून आज हा विषय. जुन्नर-आंबेगावात धंदा सुरू करणारी बरीच मंडळी पहिली गाडी जुनीच घेतात, आणि त्यात चूक काही नाही.

आधी हा बेल्ट करतो काय ते बघू. इंजिनात खाली क्रँक फिरतो, त्यावर पिस्टन वरखाली होतात. वर कॅम फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एकच झाला पाहिजे, आणि नेमका ठरलेल्या जागी. ही जोडी जमवतो तो दात्यांचा रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. जुने ड्रायव्हर म्हणतात, "आमच्या फियाटला, अँबॅसिडरला असलं काही नव्हतं." बरोबर आहे, त्यांना साखळी होती. दात्यांचा रबरी बेल्ट मोटारीत आला तो १९६२ च्या सुमारास, जर्मनीतल्या ग्लास १००४ या गाडीत. आवाज कमी, वजन कमी, स्वस्त. पण रबर ते रबर. किलोमीटरने झिजतं आणि गाडी नुसती उभी राहिली तरी वयाने कडक होतं.

आपल्याकडच्या मारुती ८००, ओम्नी, ८०० सीसीची जुनी अल्टो, १.१ लीटरची जुनी वॅगनआर यांना बेल्ट आहे. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांना आणि डिझेल स्विफ्टला साखळी. जुन्या इंडिका डिझेलला आणि जुन्या डिझेल इनोव्हाला बेल्ट. बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. बऱ्याच गाड्यांचा आकडा ६० हजार ते १ लाखाच्या दरम्यान येतो, सोबत वर्षांचीही मर्यादा असते. मागच्या मालकाकडे बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून चाला. "बदललाय हो, मागच्याच वर्षी" हे वाक्य बिल नाही.

आता मुख्य प्रश्न, घरी करायचा का? डिझेल असेल तर माझं सरळ उत्तर नाही. डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये जागा अगदी थोडी असते. बेल्ट एक-दोन दाते चुकला तरी व्हॉल्व्ह वाकतात आणि हेडचं काम निघतं. जुन्या डिझेलमध्ये बऱ्याचदा डिझेल पंपही याच बेल्टवर असतो, म्हणजे जुळवायची एक खूण वाढली. काही पेट्रोल इंजिनांत जागा मोकळी असते, बेल्ट तुटला तरी गाडी फक्त बंद पडते. तुमचं इंजिन कुठल्या जातीचं, हे पाना हातात घेण्याआधी जाणत्या मिस्त्रीला विचारा. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे तिथे हात घालणं अवघड. पहिलाच प्रयत्न असेल तर अल्टोसारखी गाडी बरी.

पेट्रोल गाडी आहे, पाने आहेत, दोन दिवस डिलिव्हरी नाही, तर करा. गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण थंड, न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. गाडी उचलली तर खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर भरवसा ठेवून खाली हात घालू नका. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढा. बाहेरचे बेल्ट, क्रँकची पुली आणि प्लास्टिकचं कव्हर निघालं की आतला बेल्ट दिसतो.

इथे थांबा. सगळं काम या जागेवर आहे. जुना बेल्ट असतानाच क्रँक पान्याने, इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवा आणि खुणा जुळवा: क्रँकच्या गिअरवरची खूण बॉडीवरच्या खुणेसमोर, कॅमची कॅमच्या खुणेसमोर. क्रँकची जुळली आणि कॅमची विरुद्ध बाजूला आली तर अजून एक फेरा द्या, क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक हे वर सांगितलंच. खुणांवर पांढरा रंग लावा, फोटो काढा. मग टेन्शनर सैल करून बेल्ट काढा आणि त्यानंतर क्रँक-कॅमला हात लावू नका.

एवढं उघडलंच आहे तर टेन्शनर बोटाने फिरवून बघा; खरखर लागली तर बदला. ऑइल सीलमधून तेल झिरपत असेल तर तेही आत्ताच, कारण तेल लागलेला नवा बेल्ट लवकर मरतो. वॉटर पंप काही गाड्यांत याच बेल्टवर असतो, तसा असेल तर तोही तपासा. नवा बेल्ट दुमडू नका, पिळू नका. त्यावर बाण असेल तर दिशा पाळा. टेन्शनर नाही त्या बाजूला बेल्ट ताठ ठेवून चढवा, मग मॅन्युअलप्रमाणे ताण द्या.

आता स्टार्टर नाही मारायचा! पान्याने क्रँकचे पूर्ण दोन फेरे हाताने द्या. मध्येच कडक अडकलं तर जोर लावू नका, खुणा चुकल्यात. दोन फेऱ्यांनंतर खुणा परत जुळल्या तरच पुढे. व्हिडिओत हे दहा सेकंदांत उरकतं, मला पहिल्यांदा तीनदा करावं लागलं होतं.

आता पैशांचं बघू, कारण आपण धंदेवाले. समजा बेल्ट, टेन्शनर, सील आणि मजुरी मिळून ८,००० रुपये येतात आणि बेल्ट ६०,००० किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला साधारण १३ पैसे. नारायणगाव-पुणे जाऊन-येऊन १५० किलोमीटर धरा, तर खेपेला २० रुपये. हे २० रुपये डिझेल-पेट्रोलसारखेच तुमच्या भाड्यात धरलेत का? बहुतेकांनी धरलेले नसतात. तुमच्या मिस्त्रीचा खरा आकडा घेऊन हाच हिशोब करा. घरी केल्याने वाचते ती फक्त मजुरी. सामान तेवढंच लागतं, आणि तिथे सस्ता माल घेऊ नका.

जाता जाता: ओझर-लेण्याद्रीच्या यात्रेकरूंना भाड्याने नेणार असाल तर पांढऱ्या पाटीच्या गाडीवर ते चालत नाही, पिवळी पाटी आणि परमिट लागतं.

काम झालं की बॉनेटच्या आत स्टिकर लावा, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहा. बिलं एका पिशवीत ठेवा, गाडी विकताना कामाला येतील. पहिले काही दिवस गावातल्या गावात फिरवा, नवा काही आवाज येतोय का ऐका. माळशेज त्यानंतर.