गस्तीची वही

लहान गटातली माणसे एकमेकांच्या नजरेआड काम करू लागली की गटप्रमुखापुढे दोन प्रश्न उभे राहतात. ठरलेले काम झाले की नाही हे कळणार कसे, आणि दूरच्या माणसाला आपण एकटे पडलो असे वाटू नये म्हणून करायचे काय? 2020 नंतर घरी बसून संगणकावर काम करण्याची रीत पडली आणि हे प्रश्न नव्याने चर्चेत आले. रेल्वेला मात्र ते पहिल्यापासून सोडवावे लागले आहेत. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात त्यांच्या उत्तरावर प्रवाशांचे जीव अवलंबून असतात. चिपळूणच्या आसपासचा मार्ग त्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

रोहा ते ठोकूर हा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी पूर्णपणे खुला झाला. आजही त्याचा बहुतांश भाग एकेरी आहे. चिपळूणचे स्थानक शहराबाहेर वालोपे येथे आहे. तिथून दक्षिणेला निघाले की वाशिष्ठी नदी ओलांडून कामथे, पुढे सावर्डे, आरवली. डोंगर कापून काढलेली कटिंग, बोगदे, उंच भराव आणि मोऱ्या यांतून रूळ जातात. मिरगाचा पाऊस लागला की लाल माती पाणी पिते, जांभ्याचे दगड सैल होतात आणि कटिंगच्या माथ्यावरून काय खाली येईल याचा भरवसा राहत नाही. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला निघालेली विशेष गाडी घसरून 51 जण दगावले. पुढच्याच वर्षी 16 जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवणे, कटिंगचे उतार सौम्य करणे, दगड अडवायला जाळ्या लावणे आणि गस्त कडक करणे या गोष्टींवर त्यानंतर विशेष भर आला.

रुळांची देखभाल करणाऱ्या माणसांची रचना साधी असते. काही किलोमीटरच्या पट्ट्यासाठी ट्रॅकमनची एक गँग आणि तिच्यावर मुकादम. चावीवाला रोज आपला पट्टा पायी तपासतो, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकून बसवतो. अशा काही गँग मिळून एका सेक्शन इंजिनिअरच्या हाताखाली येतात. उन्हाळ्यात गँग एकत्र काम करते आणि सगळे मुकादमाच्या डोळ्यांसमोर असतात. पावसाळ्यात हीच माणसे विखुरतात. काही जण धोक्याच्या कटिंगवर चौकी धरून बसतात, बाकीचे रात्री आपापल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या पट्ट्यावर, गस्त घालतात. त्या काळात त्यांचा प्रमुख त्यांना क्वचितच दिसतो.

गस्तीची आखणी कागदावर तक्त्याच्या रूपात होते. कोणी, कुठून, किती वाजता निघायचे आणि कुठे पोचायचे, हे गाड्यांच्या वेळा पाहून ठरते. हेतू असा, की गाडी येण्याआधी त्या पट्ट्यावरून माणूस चालून गेलेला असावा. एका माणसाला दिवसाकाठी साधारण 20 किलोमीटरपेक्षा जास्त चाल पडू नये, असा दंडक आहे. हा तक्ता करणे हेच सेक्शन इंजिनिअरचे मोठे काम. तो चुकला तर गस्तवाला कितीही प्रामाणिक असला तरी तो चुकीच्या वेळी चुकीच्या जागी असणार. दूरच्या माणसांचे नेतृत्व बरेचसे आधीच, टेबलावर, होऊन गेलेले असते. ऐन रात्री हुकूम सोडायला तशी फारशी संधीच नसते.

या व्यवस्थेतली सर्वांत हुशारीची वस्तू म्हणजे एक वही. भारतीय रेल्वेच्या नियमांप्रमाणे गस्त सुरू होताना स्टेशन मास्तर तिच्यात वेळ नोंदवून सही करतो. गस्तवाला ती घेऊन बीटच्या टोकापर्यंत चालत जातो. समोरून शेजारच्या बीटचा माणूस आपली वही घेऊन येतो. दोघे वह्यांची अदलाबदल करतात आणि आल्या वाटेने परततात. माणसे आपापल्या पट्ट्यातच राहतात, वही मात्र हातोहात पुढच्या स्थानकावर पोचते. ती पोचली याचा अर्थ मधल्या सगळ्या रुळांवरून त्या रात्री कोणीतरी चालले आहे. वेगळा अहवाल लिहायला नको आणि साहेबाला फोनही करायला नको.

समोरचा माणूस ठरल्या जागी आला नाही तर? नियम सांगतो की तिथे थांबून राहायचे नाही; तो भेटेपर्यंत त्याच्या बीटवर पुढे चालत जायचे. यात दोन कामे साधतात. रुळांचा तुकडा न तपासता राहत नाही, आणि घसरून पडलेला किंवा आजारी पडलेला सोबती रात्रभर एकटा राहत नाही. तिकडे वही वेळेत आली नाही की स्टेशन मास्तर गाडीला सावधगिरीचा लेखी आदेश देऊन वेग उतरवायला लावतो. निरोप न येणे हाच इथे निरोप मानला जातो. ‘काही कळले नाही, म्हणजे सगळे ठीक असेल’ असे धरून चालण्याची सवय बहुतेक कार्यालयांना असते. दूरच्या गटात तीच सवय सर्वांत महाग पडते.

जाणाऱ्या गाडीशीही गस्तवाल्याचा संबंध असतो. गाडी आली की तो बाजूला उभा राहतो, दिव्याचा प्रकाश आपल्या नंबरच्या पट्टीवर पाडतो आणि शिटी वाजवतो. इंजिनातल्या माणसाला कळते की आपला माणूस जागेवर आहे. दरड आढळली तर कोणाला विचारत बसायचे नाही. लाल दिवा दाखवत पळायचे, अडथळ्यापासून 600 मीटरवर रुळावर एक फटाका आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके ठेवायचे. चाकाखाली ते वाजले की चालकाने गाडी थांबवायची. मार्ग एकेरी असल्याने धोका दोन्ही बाजूंनी येतो, म्हणून जोखमीच्या ठिकाणी जोडीने गस्त घालणे इष्ट ठरते. सर्वांत खालच्या पदावरच्या माणसाला एक्सप्रेस गाडी थांबवण्याचा पूर्ण अधिकार दिलेला आहे. दुरून चालणाऱ्या कामात विश्वास ठेवायचा तो असा, अधिकार हातात देऊन.

वहीच्या जोडीला आता यंत्रे आली आहेत. मार्गावर सरासरी दर किलोमीटरला आपत्कालीन दूरध्वनीची जोडणी आहे, स्थानकांवर 25 वॅटचे बिनतारी संच आहेत, चालक आणि गार्डकडे वॉकीटॉकी असते. चिपळूणला पर्जन्यमापक आहे, आणि चिपळूण-कामथे दरम्यान वाशिष्ठीच्या पुलावर पाण्याची पातळी वाढताच इशारा देणारी यंत्रणा आहे. बेलापूर, रत्नागिरी आणि मडगाव येथील नियंत्रण कक्ष पावसाळ्यात चोवीस तास चालू असतात. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीला महापूर आला, चिपळूणची वीज आणि मोबाइल सेवा कोलमडली, आणि चिपळूण-कामथे दरम्यानची वाहतूक थांबवावी लागली. ठिकठिकाणी सुमारे 6000 प्रवासी अडकले, पण पुलावर गाडी गेली नाही. अशा दिवशी एकाच तारेवर भिस्त ठेवणाऱ्या गटाचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

वहीने सगळे भागते असे मात्र नाही. सही म्हणजे तपासणी नव्हे. झोपेत चालणाऱ्याचीही सही होते. म्हणून अधिकाऱ्याने अधूनमधून रात्री इंजिनातून किंवा पायी जाऊन गस्त पाहायची असते. या फेरीला पाळत म्हणणे सोपे आहे. पण भर पावसात आपला साहेबही चिखल तुडवत आला, हे ट्रॅकमनला कळते, आणि कोणता दगड हलतो आहे हे तो त्या वेळी बोलून जातो. वहीत तो रकाना नसतो. संगणकावर काम करणाऱ्या गटांत रोजच्या दृकश्राव्य बैठका वाढवण्याकडे कल असतो. अशी एखादी समक्ष भेट त्या दहा बैठकांना भारी पडते.

पावसाळी वेळापत्रक पूर्वी 10 जून ते 31 ऑक्टोबर असे असे. 2025 मध्ये ते 15 जून ते 20 ऑक्टोबर करण्यात आले. गाड्यांच्या वेळा बदलल्या की गस्तीचा तक्ताही नव्याने मांडावा लागतो. परतीचा पाऊस ओसरला की खास गस्त बंद होते, ट्रॅकमन पुन्हा मुकादमाच्या गँगमध्ये येतात, आणि खडी भरणे, गटारे उपसणे, पावसात हललेले भराव दाबून घेणे ही कामे सुरू होतात.