मातींतलें मैत्र

मृगाच्या सरी पडूं लागल्या म्हणजे आमच्या घोटीसारख्या गांवीं सायंकाळीं दिव्याभोवतीं तपकिरी भुंगेरे घिरट्या घालूं लागतात. मुलांस त्यांची मौज वाटते. पण त्यांतल्या कांहींच्या पोटची अळी, म्हणजे हुमणी, ही शेतकऱ्याची केवढी वैरीण आहे हें पुष्कळ सुशिक्षितांस ठाऊक नसतें. ती मातींत राहून मुळ्या कुरतडते. ऊस, भुईमूग हिरवे दिसतां दिसतां पिवळे पडून वाळतात. विष ओतावें तर हुमणी खोल, आणि तें विहिरीच्या पाण्यांत उतरण्याचें भय. या वैरिणीचा समाचार घेणारी एक विलक्षण जोडी मातींतच नांदते. तिची ओळख वाचकांस करून देण्याचें आम्ही योजिलें आहे.

जोडींतील पहिला सूत्रकृमि, सुमारें अर्धा मिलिमीटर लांब. ‘हेटेरोऱ्हॅब्डायटिस’ हें त्याच्या एका कुळाचें नांव. दुसरा त्याच्या आंतड्यांत वसणारा ‘फोटोऱ्हॅब्डस’ नांवाचा जंतु. जंतूस अळीच्या शरीरांत आपण होऊन शिरतां येत नाहीं. कृमि शिरूं शकतो, परंतु जंतूवांचून त्याचा वंश तेथें वाढत नाहीं. आमच्या शास्त्रकारांचा पंग्वंधन्याय तो हाच: एकाचे पाय, दुसऱ्याचे डोळे, आणि वाट दोघांची.

कृमि तोंडावाटे किंवा श्वासरंध्रांवाटे आंत शिरून अळीच्या रक्तांत जंतु सोडतो. जंतु भराभर वाढून विष निर्माण करतात. बहुतेक कीटक एकदोन दिवसांत गतप्राण होतात. हुमणीसारख्या दांडग्या अळीस अधिक काळ लागतो. मग जंतु तिच्या देहाचें अन्न करून कृमीपुढें वाढतात, आणि प्रतिजैविक द्रव्यें सोडून इतर जंतूंस त्या पंक्तीला बसूं देत नाहींत. म्हणून प्रेत कुजत नाहीं. तें विटकरी लाल होतें व काळोखांत मंद उजेडही देतें. अन्न सरलें कीं हजारों पिलें जंतूंची शिदोरी पोटांत घेऊन नव्या भक्ष्याच्या शोधांत बाहेर पडतात.

कोइमतूर येथें मिळालेल्या अशा कृमीचें वर्णन १९९२ सालीं प्रसिद्ध झालें. त्यास ‘इंडिका’ हें नांव मिळालें. बंगळूर येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन केंद्रानें त्याची पाण्यांत कालवण्याजोगी भुकटी सिद्ध केली आहे. फोटोऱ्हॅब्डसच्या एका जातींतून २०१९ सालीं ‘दारोबॅक्टिन’ हें नवें प्रतिजैविकही हातीं आलें.

ज्यांच्या घरीं अद्याप शेती आहे त्यांनीं एक पथ्य अवश्य पाळावें. हें औषध जिवंत आहे. भर उन्हांत किंवा कोरड्या मातींत तें मरून जातें. दिवस कलल्यावर, ओल्या जमिनींतच तें द्यावें, आणि विषासारखा तत्काळ गुण मागूं नये. पाकिटांतील भुकटी नव्हे, तर हे जीव आपल्या शेतीं कामास येत आहेत, ही जाणीव राहिली तरच खर्च सार्थकीं लागेल.