पहाटेचा बेसबॉल आणि सहा वर्षांची अट

गिरणगावात वाढलेल्या माणसाला पहाटे उठण्यासाठी घड्याळ लागत नाही. पहिल्या पाळीचा भोंगा बंद पडून जमाना लोटला, तरी आमचे डोळे पाचाच्या आत उघडतात ते उघडतातच. गेली काही वर्षे या वेळेचा आम्ही एक विलक्षण उपयोग करीत आहो. आमचा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत मिलवॉकी शहरी असतो. त्याने आम्हांस तिकडच्या बेसबॉलची गोडी लावली. तेथे संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास सामना सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे सव्वापाच होत असतात. चहा आम्हीच ठेवतो; त्या वेळी घरात दुसरे कोणी उठत नाही.

व्याख्यानमालेच्या चालकांची अपेक्षा अशी की, आम्ही कामगार चळवळीवर बोलावे. बेसबॉलच्या २०२६ च्या हंगामावर बोलतो म्हटल्यावर त्यांचे चेहरे जरा उतरले. परंतु विषय आम्ही फारसा बदललेला नाही, हे थोड्या वेळाने श्रोत्यांच्या ध्यानात येईल.

खेळ समजावयास अवघड नाही. दोन संघ, प्रत्येकी नऊ गडी, आणि नऊ डाव. आपल्या गोलंदाजाच्या जागी तेथे पिचर असतो. तो चेंडू टप्पा न पाडता फेकतो. ठरलेल्या पट्ट्यातून गेलेला किंवा फलंदाजाने हुकवलेला चेंडू म्हणजे ‘स्ट्राइक’. असे तीन झाले की फलंदाज बाद. (या शब्दाने पहिल्या दिवशी आम्ही उगाच दचकलो होतो.) फटका मारून चार तळांना वळसा घालून परत आले की एक धाव. संघ तीस, आणि प्रत्येकाने सहा महिन्यांत १६२ सामने खेळावयाचे. म्हणजे जवळजवळ रोज कामावर जाणे आले; आमचे मन या खेळावर बसले ते बहुधा यामुळेच.

२५ मार्च २०२६ ला सॅन फ्रान्सिस्को येथे यांकीज आणि जायंट्स यांच्या सामन्याने हंगामाचे दार उघडावयाचे ठरले. सर्वांच्या तोंडी प्रश्न एकच: लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना कोणी अडवील काय? २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे त्यांनी घेतली. २०२५ ची अंतिम लढत टोरोंटोविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि त्या सामन्याचा निकाल अकराव्या डावात लागला. लागोपाठ तीन अजिंक्यपदे यापूर्वी यांकीजनी १९९८ ते २००० या काळात मिळवली होती. त्यानंतर कोणालाही ते साधलेले नाही. या हंगामात एक नवी सोयही आहे. पंचाने दिलेला स्ट्राइकचा निर्णय चुकीचा वाटल्यास पिचर, त्याचा झेल्या किंवा फलंदाज डोक्याला हात लावून यंत्राकडे दाद मागू शकतो. प्रत्येक संघाला अशा दोन संधी, आणि दाद खरी ठरली तर ती संधी शिल्लक राहते. न्याय जागच्या जागी मिळतो, हे पाहून आमच्यासारख्या कामगार न्यायालयाचे उंबरे झिजवलेल्या माणसाला हेवा वाटतो.

आमचा जीव मात्र मिलवॉकीच्या ब्रूअर्सवर. शहर लहान, तिजोरी लहान. तरी २०२५ च्या साखळीत त्यांनी ९७ सामने जिंकले. तीस संघांत कोणीही एवढे जिंकले नाहीत. पुढे डॉजर्सनी त्यांना सरळ चार सामन्यांत गुंडाळले, ते सोडून द्या. खरा घाव त्यानंतर बसला. १७ विजय मिळवणारा त्यांचा पहिल्या प्रतीचा पिचर फ्रेडी पेराल्टा याला २०२६ च्या जानेवारीत मालकांनी न्यूयॉर्कच्या मेट्सच्या हवाली केले व बदल्यात तरुण खेळाडू घेतले. भाच्याचा फोन आला, तो तावातावाने. “मामा, सगळे खेळाडू पैशाला हपापलेत!” आम्ही विचारले, “अरे, पण त्याला कोणी विचारले होते का?” करारात तशी अट नसेल तर अशा देवघेवीला खेळाडूची संमती लागतच नाही. भाचा गप्प झाला.

असे का होते, हे समजण्यासाठी सहा वर्षांची अट समजली पाहिजे. वरच्या पायरीवर आलेला खेळाडू सर्वसाधारणपणे सहा वर्षे एकाच मालकाच्या ताब्यात असतो. पहिली तीन वर्षे ठरलेल्या किमान वेतनाहून अधिक द्यावयाचे की नाही, ते मालक ठरवतो. २०२६ साठी हे किमान वेतन ७ लाख ८० हजार डॉलर आहे. पुढची तीन वर्षे वेतनाचा वाद लवादापुढे नेता येतो. सहा वर्षे भरली की खेळाडू मोकळा. मग त्याने कोणाकडेही जावे. मोठ्या पगारावर त्याला राखण्याची ऐपत अगर इच्छा नसलेला मालक काय करतो? सुटकेची घटका जवळ आली की त्याला विकून टाकतो. पेराल्टाची घटका २०२६ च्या अखेरीस भरत होती.

ही सहा वर्षेही सहजासहजी मिळालेली नाहीत. १८७९ साली मालकांनी आपसांत ठरवले की, निवडक खेळाडू राखीव समजावयाचे आणि त्यांना दुसऱ्या कोणी घ्यावयाचे नाही. पुढे हे कलम सर्वांना लागू झाले. करार संपला तरी हक्क मालकाचाच. आमचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. त्यांना कामाची शाश्वती नव्हती, पण रस्त्यापलीकडच्या गिरणीत दोन रुपये जास्त मिळत असतील तर जाण्याला आडकाठी नव्हती. बेसबॉलच्या खेळाडूला त्यांच्या कितीतरी पट पगार होता, आणि नेमका तोच हक्क नव्हता.

सेंट लुईसकडून बारा वर्षे खेळलेल्या कर्ट फ्लडला १९६९ साली फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यात आले. पगार नव्वद हजार डॉलर. त्याने जाण्यास नकार दिला. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही असे खेळाच्या आयुक्तांना लिहून कळवले आणि कोर्टाची पायरी चढला. जॅकी रॉबिन्सनसारखे निवृत्त खेळाडू त्याच्या बाजूने साक्षीला आले. परंतु ज्यांच्यासाठी तो लढत होता त्या खेळत्या खेळाडूंपैकी एकही कोर्टात येऊन बसला नाही. गेटसभेला माणसे का येत नाहीत, या प्रश्नाने ज्याने रात्री काढल्या आहेत त्याला हे वाचून झोप लागणार नाही. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात फ्लड तीन विरुद्ध पाच मतांनी हरला. त्याचा खेळही त्यात संपला.

संघटना मात्र जागी झाली होती. पोलाद कामगारांच्या संघटनेतील अर्थतज्ज्ञ मार्विन मिलर याला खेळाडूंनी १९६६ साली आपला कारभारी नेमले होते. त्याने प्रथम किमान वेतन सहा हजारांवरून दहा हजारांवर नेले, तंटे तटस्थ लवादापुढे नेण्याचे कलम मिळवले, आणि मग वाट पाहिली. मेसरस्मिथ आणि मॅकनॅली हे दोन पिचर १९७५ च्या हंगामात करारावर सही न करता राहिले. लवाद पीटर साइट्झ यांनी २३ डिसेंबर १९७५ ला निकाल दिला की, राखीव हक्क एका वर्षापुरता. पुढे माणूस मोकळा. मालकांनी साइट्झ यांनाच तडकाफडकी काढून टाकले.

यानंतर मिलरने जे केले ते आम्ही आमच्या अभ्यासवर्गात नेहमी सांगतो. चार्ली फिन्ली नावाचा एक चतुर मालक म्हणाला, सगळ्यांनाच दरवर्षी मोकळे करून टाका. भोळ्या पुढाऱ्याने पेढे वाटले असते. मिलर मनातून घाबरला! सहाशे खेळाडू एकदम बाजारात उभे राहिले तर नाक्यावरच्या मजुरासारखी त्यांची किंमत पडेल, हे त्याने ओळखले. म्हणून १९७६ च्या करारात त्याने सहा वर्षांची अट आपणहून पत्करली. त्यामुळे थोडे मोकळे आणि गिऱ्हाईक अनेक, अशी स्थिती झाली. १९८५ ते ८७ या काळात मालकांनी संगनमत करून बोली लावणेच थांबवले. ते सिद्ध झाले आणि १९९० मध्ये त्यांना २८ कोटी डॉलर भरावे लागले.

आता या हंगामावर कोणती छाया आहे ती सांगतो. चालू करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. एका संघाने वेतनावर ठराविक रकमेपेक्षा अधिक खर्चच करू नये, अशी कमाल मर्यादा हवी असल्याची भाषा कित्येक मालकांनी उघड केली आहे. आज तशी मर्यादा नाही. २०२६ साठी २४ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेल्यास कर भरावा लागतो, एवढेच. डॉजर्सनी २०२५ बद्दल सुमारे १६ कोटी ९० लाख डॉलर असा कर भरला, आणि अनेक संघांचा वर्षाचा सगळा पगारही तेवढा नसतो. तेव्हा लहान गावच्या चाहत्याला कमाल मर्यादा ही न्यायाची वाटावी, यात नवल नाही. भाच्याला ती वाटते. पेराल्टा गेला त्या रात्री क्षणभर आम्हांलाही वाटली. परंतु मिळकतीतील वाटा श्रीमंत मालकाने गरीब मालकाला जास्त द्यावा, असा साधा उपाय असताना आधी कामगाराचाच पगार का बांधावयाचा? आणि ९७ सामने जिंकणाऱ्या मिलवॉकीने डोके चालवूनही बरेच साधते, हे दाखवले नाही काय?

तोडगा निघाला नाही तर टाळेबंदी होईल असा रंग दिसतो. २ डिसेंबर २०२१ ला झालेली टाळेबंदी ९९ दिवस चालली. त्याआधी, १९९४ च्या ऑगस्टमधील संप २३२ दिवस टिकला आणि त्या वर्षीचे अजिंक्यपदाचे सामनेच झाले नाहीत. वाद होता तो याच मर्यादेचा. लक्षाधीशांच्या संपाचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही अकरा वर्षांचे होतो. आमच्या घरचा लढा-निधी म्हणजे फडताळावरची तांब्यापितळेची भांडी; दिवाळीपर्यंत ती मोडीत गेली. वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत. बेसबॉलची संघटना खेळाडूंच्या छायाचित्रांच्या हक्कातून येणारा पैसा अशा दिवसांसाठी बाजूला ठेवते, हे वाचले तेव्हा आम्हांला हेवा वाटला नाही. वडिलांची आठवण झाली.

आणि सगळेच काही लक्षाधीश नाहीत. खालच्या पायरीवरचे हजारो उमेदवार खेळाडू २०२२ च्या सप्टेंबरात संघटनेत आले. ‘लो-ए’ श्रेणीतील वर्षाचा पगार ११ हजार डॉलर होता, तो २०२३ च्या पहिल्या कराराने २६,२०० झाला. २०२५ च्या जुलैत बॉस्टनच्या फेनवे पार्कवर खाद्यपेये विकणाऱ्यांनी तीन दिवस संप केला. माणसांऐवजी यंत्रांकडून विक्री, हे त्यांच्या तक्रारींपैकी एक होते. मैदानातल्या बातमीपत्रांत याला चार ओळी मिळाल्या.

पेराल्टा मेट्सच्या गणवेशात मिलवॉकीविरुद्ध चेंडू टाकील, तो सामना आम्ही चुकवणार नाही. भाच्याने सांगून ठेवले आहे की, तो मैदानात जाऊन त्याची हुर्यो उडवणार. आम्ही इकडे टाळी वाजवणार. मात्र हळू, कारण त्या वेळी घर झोपलेले असते.